खांद्यापाशी अडकणारं हत्यार

बाळापूरचा गयासुद्दीन खरादी अकोल्याच्या प्रेसमध्ये लेथवर लागला, तेव्हा कापसाच्या भावाने वऱ्हाडात भल्याभल्यांची डोकी फिरवली होती. लढाई अमेरिकेत चालली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि गावाची वेस न ओलांडलेली माणसं इथे बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवत होती. खुशालराव त्यांतलाच. अमरावतीला कोणाकडे तरी त्याने रुईच्या गाठी दाबायचा प्रेस पाहिला आणि परत येताच अकोल्यात स्वतःचा उभारला. प्रेस कसा चालतो हे त्याला कळलं नव्हतं. शेजाऱ्याकडे तो नाही, एवढं मात्र कळलं होतं.

प्रेससोबत लोखंड कातायचा लेथ आला आणि लेथसोबत वामनराव मिस्त्री. हा मुंबईच्या गिरणीत चार वर्षं होता. तिथे काय करत होता, हे कोणी विचारलं नाही. माझ्या मते तेल घालत असावा, आणि तेही चुकीच्या ठिकाणी. डोक्यावर लाल पगडी आणि दर वाक्यात ‘आमच्या मुंबईत’ एवढ्या भांडवलावर तो मिस्त्री झाला होता.

मिस्त्रीला स्वतःचे हात काळे करायचे नव्हते, म्हणून गयासुद्दीनला बोलावलं. तो लाकूड कातणारा. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी. जमिनीवर बसायचं, एका हाताने कमान ओढून लाकूड फिरवायचं, दुसऱ्या हातात पटाशी धरायची आणि तिचं टोक पायाच्या अंगठ्याने रोखायचं, ही त्याच्या घरची रीत. लाकूड कुठे मऊ, कुठे गाठाळ, हे त्याला अंगठ्यातून समजे. पण तेजीच्या पैशाला मुंबईचे रंगवलेले पलंग हवे झाले आणि बाळापुरात त्याच्या कमानीवर धूळ बसली. म्हाताऱ्या आईला, जैनबबीला घेऊन तो अकोल्याला आला. परत जायला तिथे काही उरलं नव्हतं.

काम साधं होतं. प्रेसच्या चाकाचा लोखंडी दांडा दोन्ही टोकांना बारीक करायचा. बारीक भाग संपून जाड भाग सुरू होतो तिथली पायरी, तिला खांदा म्हणतात, ती अगदी काटकोनात यायला हवी. दोन गडी मोठं चाक फिरवायचे, त्याने दांडा फिरायचा, आणि लेथच्या सरकत्या गाड्यात घट्ट बसवलेलं हत्यार त्याच्या लांबीवरून कापत जायचं. खांद्यापर्यंत सगळं लोण्यासारखं. खांद्यापाशी आलं की करकर, मग धडका, आणि हत्यार दांड्यात घुसून अडकायचं. दोन दांडे असे वाया गेले. तिसरा शेवटचा.

“आमच्या मुंबईत असं होत नाही,” वामनराव म्हणाला. “लाकूडतोड्याचा हात आहे, लोखंडाला कसा मानवेल?”

खुशालरावाने दांड्याकडे पाहिलं आणि मग गयासुद्दीनकडे. “पाह्य बापू, हा दांडा गेला का तू बी गेला. उद्या मी येतो.”

तो गेल्यावर गयासुद्दीनने हत्यार काढून उजेडात धरलं. वामनरावाने ते पुढून सपाट घासून घेतलं होतं, कोपऱ्यात नीट बसेल म्हणून. नीट बसत होतंच. खांद्याला टेकताक्षणी सगळी धार एकदम चावत होती, आणि एवढा घास कोणतंही हत्यार घेऊ शकत नाही. लाकडावर ही चूक त्याच्या हाताने कधीच केली नसती. अंगठ्याने ती होऊच दिली नसती. त्याने दगडावर टोक निमुळतं केलं, हत्यार किंचित तिरकं बसवलं, आणि सवयीने अंगठा गाड्यावर टेकवला.

“पाय!” वामनराव किंचाळला. “पुजलेल्या यंत्राला पाय लावतोस?”

गयासुद्दीनने पाय काढला, आणि वामनराव पगडी सावरत घरी गेला. वामनराव दर मंगळवारी, मालक यायच्या वेळी, लेथला शेंदूर लावायचा. खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत सगळीकडे आहे आणि ती चांगली रीत आहे. कारागीर आधी हत्यार घासूनपुसून लख्ख करतो, मग हळदकुंकू वाहतो. वामनरावाने घासायचा भाग गाळला होता. जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर जास्त चमकतो, म्हणून तो मागच्या मंगळवारच्या थरावर नवा थर चढवत राहिला. देवासाठी नव्हे, मालकासाठी.

आता गयासुद्दीन खांद्याच्या केसभर अलीकडे गाडा थांबवून पुढचं हाताने सरकवू लागला. करकर थांबली. पण खांदा सरळ करायला हत्यार कोपऱ्यातून बाहेर ओढायला गेला, तर आडव्या पट्टीची मूठ फिरते, पण पट्टीवरचं हत्यार जागचं हलत नाही. आणखी थोडी फिरवली आणि हत्याराने उडी मारून ओरखडा काढला. त्याने हात वर केला, गड्यांनी चाक थांबवलं.

ओरखडा उथळ होता. अजून निघण्यासारखा.

शेडमध्ये कचरा झाडायला पार्बताबाई होती, साठीची, कोणाला न घाबरणारी. “काहून रे गयास, थांबला काहून?”

“मावशी, लांबीवर कापताना ही आडवी पट्टी हालतच नाही. खांद्यापाशीच तिचं काम पडते, अन तिथंच चिकटते. मंग एकदम सुटते.” त्याने पट्टीच्या खाचेत नख घातलं. नखावर तांबडी खपली आली, रंगासारखी टणक. त्याने वामनरावाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

“काढ नं मंग.”

“मी काढू? मी शेंदूर खरवडला तं उद्या सारं अकोला मले खरवडीन.”

पार्बताबाईने झाडू टेकवला. “शेंदूर देवाच्या कपायाले लावतेत रे बापू, डोयात नाही घालत. माह्या बापानं वखराची पास घासल्याबिगर कधी पूजा नाही केली. हा मिस्तरी कोन्या गावचा बामन हाये कोन जाने. सरक, मी घासतो.”

तिने चुलीवर राखेचं पाणी उकळून आणलं. तिने ओतायचं, त्याने बांबूच्या कमटीने दाखवायचं कुठे. बोटभर जाड थर निघाला. घासूनपुसून पट्टीवर गोडं तेल लावलं, तर ती दोन बोटांनी सरकू लागली. मग पार्बताबाईने लेथच्या पुढच्या खांबावर शेंदराचा एक टिळा लावला, नेमका नि नेटका.

दुसऱ्या दिवशी खुशालराव आला तेव्हा एक टोक तयार होतं. खांदा असा की नख फिरवलं तर कोपऱ्यात टक्‌ थांबावं.

“पूजेचं फळ,” वामनराव पुढे होत म्हणाला. “मी काल रात्री जपही केला. हत्याराचा कोनही मीच दिला.”

“वा! मंग दुसरं टोक तुमीच करा माह्यासमोर.”

वामनरावाची पगडी जराशी हलली. त्याने खिशातून तसंच पुढून सपाट घासलेलं दुसरं हत्यार काढलं आणि बसवायला लागला. गयासुद्दीनने ते पाहिलं. एवढे दिवस तो गप्प राहिला होता. आता गप्प राहिला असता तर दांडा जाणार होता आणि ठरल्याप्रमाणे दांड्यासोबत तोही.

“सेठजी, मिस्तरीच्या हातानं दांडा गेला, तं मले जा म्हनू नका.”

“काहून जाईन दांडा?”

“असं हत्यार खांद्यापाशी अडकते. दोन दांडे अशानंच गेले.”

खुशालराव वामनरावाकडे वळला. “बोला मिस्त्री. हत्यार तुमचं, कोन तुमचा, जप बी तुमचाच. फिरवा मूठ.”

वामनरावाने मुठीवर उजवा हात ठेवला. गड्यांनी चाक फिरवायला घेतलं. हत्यार लांबीवरून छान निघालं आणि खांदा जवळ येताच मिस्त्रीने हात झटकन काढून त्याच हाताने डावं मनगट धरलं. “उजव्या मनगटात लचक भरली. सकाळपासूनच दुखत होतं.”

“मिस्तरीबुवा,” पार्बताबाई कोपऱ्यातून म्हणाली, “लचक उजव्यात भरली नं? मंग डावं काहून धरून राह्यले?”

गडी चाक सोडून हसायला लागले. खुशालरावही हसला. लेथबद्दल त्याला आजही काही कळलं नव्हतं, पण घाबरलेला माणूस ओळखायला ते लागत नाही. “हट बाजूले,” तो म्हणाला. “कर रे गयास तू.”

गयासुद्दीनने आपलं हत्यार बसवलं आणि कोणाला न विचारता अंगठा गाड्यावर टेकवला. हत्यार खांद्यापर्यंत गेलं आणि न अडकता बाहेर आलं.

वामनराव महिन्याभरात नागपूरकडे गेला. तिथेही त्याला मिस्त्री म्हणून ठेवलं असेल. अशा लोकांना कोणी ना कोणी खुशालराव मिळतोच. पुढे लढाई संपली, भाव कोसळले, चांदीच्या शेंब्या बैलांच्या शिंगांवरून उतरल्या आणि प्रेसही विकला गेला. नव्या मालकाने गयासुद्दीनला लेथपाशी तसाच राहू दिला.