व्याह्यांची मिशी आणि नातीचा गाल

बाळाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या कातडीकडे पाहणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच असेल, आणि तो नेमका माझाच व्याही निघावा ही माझ्या कुंडलीतली गडबड आहे. बाकीचे लोक पाळण्यात वाकतात आणि म्हणतात, नाक आईचं, कपाळ बापाचं. आमचे व्याही वाकतात, खिशातून चष्मा काढतात, मोबाईलची बॅटरी लावतात आणि म्हणतात, "कानना मांगे जरा लाल शे. कवयपाईन शे हाई?" म्हणजे, कधीपासून आहे हे. तापीकाठी त्यांची केळीची बाग आहे. जन्मभर केळीचं पान उन्हाकडे धरून करप्याचे ठिपके शोधण्यात गेल्यामुळे असेल, पण माणसाचं बाळ हे त्यांच्या लेखी केळीचंच एक जरा रडकं वाण आहे. लग्नात आपण नवरा-नवरीवर अक्षता टाकतो. हे अक्षता मुठीत तशाच ठेवून शेजारच्या बाईच्या कडेवरचं बाळ तपासत असतात. आणि नवल म्हणजे ती बाई रागावत नाही. ती दुसरा पायही उघडा करून दाखवते आणि म्हणते, "आबा, आठे बी देखा ना."

माझ्या मुलीचं, पूनमचं, पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे शहाद्याला आमच्याकडे झालं. नात झाली. दुसऱ्याच दिवशी तिच्या अंगावर लाल चट्टे उठले, प्रत्येक चट्ट्याच्या मधोमध पिवळट टिपका. आमच्या सौभाग्यवतींनी "माय वं! गोवर का काय!" म्हणून डोळ्यांना पदर लावला. मी पंचायत समितीतला कारकून. संकट आलं की फेऱ्या मारायच्या एवढंच मला येतं, ते मी दवाखान्याच्या व्हरांड्यात मनापासून करत होतो. तेवढ्यात व्याही आले. चष्मा, बॅटरी. "पोर दूध पेस ना? ताप शे का? नही ना? मंग हाई पाव्हणं शे. नवी कातडी नवी हवा देखस, म्हनीसन उठस. दोन-चार दिनमा गुपचूप चाली जाई." नाकावरच्या पांढऱ्या दाण्यांना ते म्हणाले, "या मोती शेत. फोडू नका फक्त." संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या आणि शब्द बदलून तेच म्हणाल्या. झालं! त्या दिवसापासून पाळणा माझ्या घरात, पाळण्याची दोरी माझ्या हातात, आणि निकाल मात्र त्यांचा, अशी व्यवस्था कायम झाली. मी व्याह्यांवर पहिल्यांदा जळलो तो तेव्हा.

मुलाकडचा व्याही खरं तर वर्षातून एक-दोनदा यावा, ताठ बसावा, जेवावा आणि टॉवेल-टोपी घेऊन जावा. हे दिवसाआड मोटारसायकलवरून येऊ लागले. आणि आले की व्याही म्हणूनच आले! पहिल्या खेपांना खापरावरची पुरणपोळी झाली, मग वरण-बट्टीवर आलो, पुढे शेवभाजीवर. टॉवेल-टोप्यांचा घरातला साठा संपला. तेव्हा बायकोने मला कधीतरी मिळालेली एक कोरी टोपी इस्त्री करून ताटात ठेवली. व्याह्यांनी ती बॅटरीशिवाय ओळखली. "हाई टोपी तर मीच तुमले दिधी व्हती, साखरपुडाले!" म्हणाले, आणि डोक्यावर घालून खुशाल गेले.

उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय ते सांगायला नको. पण बाळाला वारं लागतं या भीतीने आम्ही नातीला टोपडं, मोजे, दुपटं आणि त्यावर गोधडी अशी भेटवस्तूसारखी बांधून ठेवली होती. मानेवर, काखेत घामोळं उठलं. मी बाजारातून भारीतली सुगंधी पावडर आणली आणि कणकेच्या गोळ्याला पीठ लावावं तशी लावली. व्याही आले. "याही, पोर शे का पापड शे हाई?" सगळे हसले. पूनमसुद्धा. गोधडी गेली, पावडर गेली, पातळ सुती झबलं आलं आणि घामोळं खरंच मावळलं. लंगोटाखाली कातडी लाल झाली तेव्हा ते म्हणाले, "वल्लं लगेच बदला, पानीघाई धुवा, आनि जराशी हवा लागू द्या. केळना बुडले बी हवा लागस." एकदा मीही मैदानात उतरलो. तिच्या टाळूवर पिवळट खपल्या धरल्या होत्या. मी रात्रभर फोनवर वाचून सकाळी जाहीर केलं की हे गजकर्ण आहे. व्याह्यांनी बोटाने खपली चाचपली, थोडं तेल मागवलं, मऊ ब्रशने हळूच विंचरून काढलं आणि मला म्हणाले, "गजकर्ण बी ऱ्हास. पन ते तुमना फोनले व्हयेल शे."

एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. हा माणूस थट्टेवर नेत नसे असंही काही होतं. सरबत प्यायलं की काचेचा पेला पुसून त्याचा तळ ते लाल डागावर हलकेच दाबून पाहत. डाग फिका पडला की पेला खाली. "नही पडना आनि संगे ताप ऱ्हायना, तर माले फोन बी करू नका. सिद्धा दवाखानामा पळा," हे ते दर खेपेला बजावत. त्या वेळी त्यांचा आवाज वेगळा असे. मला तेवढ्यापुरता आदर वाटे. मग ते नातीला उचलत आणि आदर संपे.

कारण त्यांची मिशी. तो एक स्वतंत्र विषय आहे. दोन्ही टोकं गालांवर अशी वळलेली की मोटारसायकलला वेगळे हँडल कशाला, असं वाटावं. खापर गावच्या बाजारात गुजरातेतून एक अत्तरवाला येतो, त्याच्याकडचं हिना ते तिला लावत. ते नातीला खांद्यावर घेऊन तिच्या डाव्या गालावर गाल घासत काहीतरी गुणगुणले की पोरगी त्या टोकाला लोंबकळून खदखदा हसे. माझ्याकडे? मी खुळखुळा वाजवला, मांजर झालो, बोकड झालो. ती माझ्याकडे अशी पाही, जसे लोक माझ्या खिडकीशी "उद्या या" ऐकल्यावर पाहतात. मिशी मीही कॉलेजात वाढवून पाहिली होती. मित्रांनी विचारलं, ओठावर काय लागलंय? दुसऱ्या दिवशी ती काढली. तेव्हापासून माझा चेहरा सपाट जमीन आहे, बिनबांधाची.

तर तो डावा गाल. तो लाल, कोरडा, खरबरीत होऊ लागला. व्याह्यांनी तपास हाती घेतला. आधी बेसनाचं उटणं घराबाहेर गेलं. मग साबण, कपडे धुवायची पावडर, मग "लाळघाई व्हई" म्हणून तिची लाळ मऊ फडक्याने टिपण्याची ड्युटी मला. शेवटी त्यांनी माझ्या शर्टाला हात लावून पाहिला. "याही, कांजी करतस का कपडासले?" त्यानंतर पाहुणे असोत की नसोत, मी बनियनवर नात घेऊ लागलो. गाल तसाच.

डॉक्टरीणबाईंनी गाल पाहिला, दुसरा पाहिला आणि सरळ विचारलं, "एकाच बाजूला आहे. बाळाच्या गालाला कुणी दाढी-मिशी घासतं का? अत्तर-बित्तर?" पूनमने माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे, बायकोने छताकडे. बाहेर आल्यावर मी दोघींना उसाचा रस पाजला. बर्फ घालून! मला एवढं गोड काही बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. बायकोने ग्लासावरूनच डोळे वटारले.

"खबरदार! एक शबद बी बोलशात तर. पूनमना सासरा शे तो."

"अगं, डॉक्टर म्हणाल्या..."

"डॉक्टरनी पोर त्यासना घरमा देयेल नही शे. आपली शे."

"पप्पा, मी सांगेन हळूच," पूनम म्हणाली. पण सासऱ्यासमोर तिची जीभ रेटेना. मुलीकडच्यांनी मुलाकडच्या व्याह्याला, तुमची मिशी आमच्या नातीला बाधते, हे कोणत्या तोंडाने सांगावं? ताटात टोपी ठेवून? मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांची दाढी, मिशी, भुवया, काहीही काढायला सांगावं. उलट रीत नाही. हातात हुकमाचं पान आणि खेळायला बंदी, अशी माझी गत झाली. मी आडून एकदा प्रयत्न केला. आमच्या ऑफिसात एकाने मिशी काढली आणि किती तरुण दिसतो, म्हणालो. व्याही म्हणाले, "मंग ती आधी मिशी नहीच व्हती, डाग व्हई," आणि नातीला उचललं.

मग केळीची कटाई लागली. घड ट्रकांत चढवायच्या धांदलीत ते आठवडाभर आले नाहीत आणि नातीचा गाल लोण्यासारखा झाला. आले तेव्हा गाल पाहून हरखले. "देखा! मी म्हनू ना, कांजीच व्हती!" आणि त्या आनंदात मिशीसकट गाल घासला. पुढच्या खेपेला तो पुन्हा लाल. त्या दिवशी त्यांनी सरबत संपवलं, पेला पुसला, पण दाबून पाहिला नाही. तो तसाच हातात धरून ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले.

"याही, खरं सांगा. मी नही येवू तवय तिना गाल बरा ऱ्हास ना?"

इतके दिवस मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. उत्तर एका शब्दाचं होतं, आणि रीतही मोडत नव्हती, कारण विचारलं त्यांनी होतं. मी तोंड उघडलं. त्यांचा हात मिशीच्या टोकावर होता. पीळ देत नव्हता, नुसता धरून होता.

"छे हो आबा," मी म्हणालो. "उन्हाने होतं ते. आबा, तुमचं काय त्यात!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. केळीचं पान उन्हाकडे धरून पाहतात तसं. मग उठले आणि न जेवता गेले. नवी टोपी ताटातच राहिली.

त्यानंतर दारात जो माणूस उभा राहिला त्याला मी क्षणभर "कोण पाहिजे?" विचारणार होतो. उन्हात रापलेला सगळा चेहरा, आणि ओठावर तेवढी एक गोरी पट्टी, भिंतीवरचा जुना फोटो काढल्यावर राहते तशी. अत्तराचा वास नव्हता. "गयी," ते म्हणाले, "आते आना गाल इकडे." आणि दोन्ही हात पुढे केले. नातीने पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि तिने असा टाहो फोडला की शेजारीण धावत आली. ती माझ्याकडे वळली, माझी मान घट्ट धरली आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा. मला हेच तर हवं होतं! मी तसाच उभा राहिलो, बनियन भिजवून घेत, आणि मला व्याह्यांकडे पाहवेना.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "वळख मोडनी." मग लांबूनच चष्मा लावला, बॅटरी लावली आणि माझ्या खांद्यावरचा गाल पाहिला. "कमी शे. व्हई बरा."

पाचव्या महिन्यात पूनम सासरी गेली. पाळणा आता वरच्या माळ्यावर आहे. रोज सकाळी मला व्याह्यांच्या फोनवरून एक फोटो येतो. तोंड नाही, डोळे नाहीत, नुसता डावा गाल. मी तो बोटांनी मोठा करून सगळीकडे ठिपका शोधतो. नसतो. पूनम सांगते, आता तिला त्यांची पुन्हा ओळख पटली आहे. त्या मोकळ्या ओठावर ती बोट फिरवत राहते आणि हसते. गाल बरा झाल्यावर पूनम म्हणालीही, आबा, आता वाढवा, फक्त अत्तर नको. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिनी कातडी आजून नवी शे."

फोटो पाहून झाला की मी दाढी करायला बसतो. आरशात माझा तो गुळगुळीत चेहरा असतो, कुणाच्याच गालाला कधी न टोचलेला. मी कितीदा तरी पाहतो, वरून, खालून, उजेडात. नातीसाठी काढून टाकावं असं त्यावर काहीच नाही. जळायचं तर माणसाने व्याह्यांच्या त्या मोकळ्या ओठावर जळावं.