सरपंचाच्या पाण्याची तपासणी

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि माझ्या हातून एक मासा मरता मरता वाचला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. प्रॅक्टिकलला अर्ध्या अर्ध्या मार्कासाठी पोरांना रडवणारा मास्तर म्हणून मी बीडमध्ये ओळखला जातो, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला हसताना संकोच वाटायला नको.

मासा माझा नव्हे, आमच्या लेकीचा, प्रणालीचा. माजलगावच्या बाजारातून तिनं तो पिशवीत आणला तेव्हा बोटाएवढा होता. पुढं त्याला पोट सुटलं, चाल संथ झाली, आणि कुणी काचेजवळ गेलं की तो तोंड उघडून नुसता बोलल्यासारखं करायला लागला. म्हणून तिनं त्याचं नाव ठेवलं सरपंच. ती होस्टेलला निघाली तेव्हा आईबापाचा निरोप तिनं रिक्षात बसता बसता उरकला आणि सरपंचापुढं मात्र डोळे पुसत उभी राहिली.

"पप्पा, जास्त काही करू नका," ती म्हणाली. "टिपाडातलं शिळं पाणी थोडं थोडं बदला, बास. मी सुट्टीला येईन तेव्हा हा मला असाच पायजे."

(आमच्या नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं. त्यामुळे घरोघरी टिपाड, म्हणजे पाण्याचा मोठा पिंप, भरून ठेवलेलं असतं आणि बीडमध्ये शिळं पाणी मिळवायला कष्ट पडत नाहीत.)

पण 'जास्त काही करू नका' हे रसायनशास्त्राच्या माणसाला सांगायचं नसतं. मी पाणी तपासायचं किट मागवलं. काम सोपं: काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, हलवायचं, थोडं थांबायचं आणि आलेला रंग सोबतच्या कार्डाशी जुळवायचा. पिवळा आला तर पाणी चांगलं. हिरवा आला तर पाण्यात अमोनिया, म्हणजे माशाला विष. मी ऐटीत अंगणात खुर्ची टाकली, कार्ड मांडीवर ठेवलं, नळी उजेडाकडे उंच धरली आणि एक डोळा बारीक केला. हिरवा! नुसता हिरवा नाही, गर्द हिरवा!

आमची सौ., म्हणजे मंगल, आतून म्हणाली की मासा तर चांगला हुंदडायलाय. मी तिला शांतपणे समजावलं की नुसत्या डोळ्याला दिसतं त्याला विज्ञान म्हणत नाहीत. (हे वाक्य मला पुढं लई महागात पडलं.)

ताबडतोब टाकीतलं अर्धं पाणी उपसलं. आता नवीन कुठलं घालायचं? टिपाडातलं कोमट पाणी नको वाटलं. उन्हाळ्यात आमच्याकडे साध्या पाहुण्यालासुद्धा विकतच्या जारचं गार पाणी देतात. मग विषबाधा झालेल्या सरपंचाला कमी कसं लेखायचं? शुद्ध, फिल्टरचं, गारेगार पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी तपासलं तर पुन्हा हिरवं. पुन्हा जार ओतला. असं करता करता सरपंच तळाला जाऊन बसला. खाईना, हलेना, बोलेना. प्रणालीचा व्हिडिओ कॉल आला की मी कॅमेरा पंख्याकडे फिरवायचो आणि रेंज नाही म्हणायचो. ती रविवारी येणार होती. खरं सांगतो, बारावीच्या निकालाला नाही एवढी मला त्या रविवारची भीती वाटायला लागली.

मग माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. किटच खोटं असलं तर? किट तपासायची रीत मला पाठ होती: ज्या पाण्यात अमोनिया असूच शकत नाही, ते तपासून बघायचं. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं. हिरवं. दुसऱ्या कंपनीचं किट मागवलं. हिरवं. जारचं पाणी तपासलं. तेही हिरवं! दोन दोन किट एकच साक्ष देत होती. दोन्ही खोटं कशाला बोलतील? म्हणजे दोष जारच्या पाण्यात. आणि बॅटरीच्या पाण्याचं काय? तर दुकानदारानं बाटलीत जारचंच पाणी भरलं असणार, असा निष्कर्ष मी काढला. माझ्या विद्यार्थ्यानं असा काढला असता तर त्याला मी वर्गाबाहेर काढलं असतं.

तेवढ्यात जारवाले गनीभाई दारात आले. "जयभीम सर, जार कुठं ठेवू?" एवढंच बिचारे म्हणाले, आणि मी त्यांच्यावर तुटून पडलो. आवाज ऐकून गल्ली जमली. बायका आपापल्या घरचं पाणी तांब्यात घेऊन आल्या. अंगणातल्या खुर्चीत बसून मी एकेकीचं तपासलं. सगळ्यांचं हिरवं. बोअरचं हिरवं, टँकरचं हिरवं, फिल्टरचं नवीन मशीन बसवलेल्यांचं तर जास्तच हिरवं. कुणाला मागच्या वर्षीची पोटदुखी आठवली, कुणाला गळणारे केस. गनीभाई जारवर हात ठेवून उभे होते. "सर," ते हळूच म्हणाले, "ह्याच पाण्यावर माझी लेकरं वाढली हायत. तुमी म्हणताव म्हणून उद्यापासून त्यांला काय पाजू?"

बायकांनी आपापल्या तांब्यात डोकावून पाहिलं. मी नळी पुन्हा उजेडाकडे धरली.

मंगल बाहेर आली. तिनं माझ्या हातातली नळी घेतली, मांडीवरचं कार्ड घेतलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. आम्ही सगळे मागोमाग. ओट्यामागच्या पांढऱ्या टाइलसमोर तिनं नळी धरली.

"पिवळं हाय की ओ," ती म्हणाली. "तुमी जाळीकडं तोंड करून बघायलात. मागं हिरवं धरल्यावर नळीत हिरवंच दिसंल."

सगळ्या गल्लीनं मान वळवून दारातून अंगणात वर पाहिलं. गच्चीपासून फाटकापर्यंत ताणलेली हिरवीगार शेडनेट. उन्हाळा लागला तेव्हा मीच शिडीवर चढून बांधलेली. आणि 'फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवा, नाहीतर रंग कळत नाही' हे वर्षानुवर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडणारा, टाइल नसली की अर्धा मार्क कापणारा, तोही मीच.

पाणी जर चांगलं, तर मासा मरायला का टेकलाय? मी टाकीत हात घातला आणि बोटं गारठली. विष नव्हतंच. सरपंचाला मी पाहुणचारानं मारत होतो.

मग मुकाट्यानं टिपाडाजवळ बसलो आणि तांब्या तांब्यानं शिळं पाणी टाकीत घालत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी सरपंचानं शेपूट हलवली. संध्याकाळी वर येऊन त्यानं दाणा गिळला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मंगलला हाक मारताना तांब्या पायावर पाडून घेतला. गनीभाईंची घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. आता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, आमचं पाणी कॉलेजच्या सरांनी दोन मशिनींनी तपासलंय.

रविवारी प्रणाली आली. तिनं बॅग खाली ठेवायच्या आत मंगलनं सगळी कथा सांगून टाकली. पोरगी पोट धरून हसली, सरपंचाला तिनं डोळे भरून बघितलं, आणि गच्चीवरून एक उरलेली पांढरी टाइल आणून टेबलावर ठेवली. मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "घ्या, पप्पा. प्रॅक्टिकल सुरू करा."

मी पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं, थांबलो. आणि सवयीनं नळी उचलून उजेडाकडे धरली.

"अर्धा मार्क कट," प्रणाली म्हणाली.

मी नळी खाली आणून टाइलवर धरली. तेवढ्यात सरपंच काचेजवळ आला आणि तोंड उघडून काहीतरी म्हणाला. आणखी अर्धा कापा, असंच म्हणत असणार.