मुक्या रिळातलं वाक्य

आधीच सांगते, मी भूतबीत मानणारी नाही. आमच्या एकोडी गावात कुणाच्या अंगात आलं की मी आधी त्याचं बीपी मोजायला सांगते. तरी हे लिहितेय...

मी घरून काम करते. जुन्या इंडोनेशियन सिनेमांच्या खराब रिळांचे स्कॅन येतात, त्यांतले ओरखडे, डाग कॉम्प्युटरवर काढायचे – मग ते सिनेमे ऑनलाइन बघता येतात. भाषा मला येत नाही. माझं काम फक्त चित्राचं.

गेल्या उन्हाळ्यात एक कृष्णधवल सिनेमा आला. त्याची एकच प्रिंट उरलेली, त्यात शेवटच्या रिळाचा आवाज पार गेलेला. पटकथाही मिळत नव्हती. सारी नावाची माझी जकार्तातली सहकारी फार हळहळायची. नायिकेची मुलगी, आता खूप म्हातारी, तिला सारखं विचारायची – शेवटच्या सीनमध्ये माझी आई काय म्हणते?

आत्या आमच्याकडेच असते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तेव्हा लकवा मारल्यापासून चार महिने तिच्या तोंडून शब्द नव्हता, डॉक्टरांनीही फारशी आशा दिली नव्हती. दुपारी मी तिची खुर्ची माझ्या टेबलाजवळ ठेवायचे.

त्या दुपारी स्क्रीनवर तोच शेवटचा सीन होता – नायिका धानाच्या शेतातल्या बांधीत उभी राहून कुणाला तरी हाक मारत होती. नुसते ओठ हलत होते. आणि शेजारून आवाज आला – "पुलांगला, नाक. नासी मासिह हांगात."

मी दचकून वळले. आत्या स्क्रीनकडे बघत होती.

"आत्या! काय म्हटलं तू?"

"पाणी मांगतलं ना व," ती जड जिभेनं म्हणाली. "काहून रडून राहिली?"

आधी तिला पाणी पाजलं. मग ऐकलेलं जसंच्या तसं लिहून सारीला पाठवलं. मला वाटलं, नाकाचं काहीतरी असेल! पाच मिनिटांत तिचा फोन.

"हे तुला कुणी सांगितलं? 'घरी ये, बाळा. भात अजून गरम आहे'... ओठांशी तंतोतंत जुळतंय!"

पुढं एका जुन्या साउंड असिस्टंटच्या पेटीत पटकथेचं पान सापडलं. तेच वाक्य. सारीनं ते नायिकेच्या मुलीला वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हातारी कितीतरी वेळ फोन धरून रडली म्हणे.

डॉक्टर म्हणतात, वाचा अशी अचानक परत येऊ शकते. येत असेल. पण ते वाक्य? बाकीच्या सिनेमांतलं काही तिच्या कानावर पडलं म्हणावं, तर मी कायम हेडफोन लावते. आत्या तर नागपूरच्या पलीकडे कधी गेली नाही.

परवा तिला पुन्हा विचारलं.

"किती वेळा विचारशीन व? तिकडं भाजी जळून राहिली!"

खरंच जळत होती. उत्तर मला आजही मिळालेलं नाही... पण तिचं ते खेकसणं ऐकून इतकं हायसं वाटलं, की गॅस बंद करायलाही मी जरा उशिराच उठले.