चुकलं म्हणायचं नाही

बोलायच्या आधी तो ओठांवर बोट ठेवायचा. मास्तर वर्ग गप्प करताना ठेवतो तसं. मग हळूच म्हणायचा, "चुकलं म्हणायचं नाही. बाकी काहीही म्हणा."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. खोचलेला सदरा, खिशाला पेन आणि तोंडावर अशी काळजी, जशी तुमच्या घरात काहीतरी वाईट व्हायचंच आहे आणि ते त्याला आधीच कळलं आहे. कारंज्याच्या एसटीने आमच्या गावात यायचा. उतरला की आधी रुमालाने बूट झटकायचा, मग शाळेकडे निघायचा. आमच्या गावची धूळ त्याला चालत नव्हती, गिऱ्हाईक चालत होतं.

तो विमा विकायचा. मरणाचा नाही, पिकाचा नाही. मास्तरांचा. मला तर आधी हसूच आलं. मास्तरावर काय गारपीट होते? तेव्हा त्याने समजावलं. शाळेत एखाद्या लेकराला इजा झाली आणि मायबापाने मास्तरावर, शिपायावर, कोणावर केस केली, तर वकील कंपनीचा आणि भरपाईही कंपनीची. "याला जबाबदारीचा विमा म्हणतात, दादा."

"म्हंजे जबाबदारी कंपनीची?"

"हो."

"मंग मास्तरची काय राह्यली?"

तो हसला नाही. बोट ओठांवर गेलं. मला तो तेव्हाच आवडला नाही. आजही आवडत नाही, आणि आवडावा म्हणून मी हे लिहीत नाही.

शाळेने सगळ्यांचा विमा काढला. माझी बायको तिथे खिचडी शिजवायची, म्हणून तिचाही निघाला. आम्ही भाजीपाल्याचे माळी. मी वांगी, मेथी लावायचो, ती पोरांच्या गंजात, म्हणजे खिचडीच्या मोठ्या पातेल्यात, टाकायची. पोरं तिला खिचडीमाय म्हणायची. विमावाल्याने सगळ्यांना बसवून शिकवलं, त्या दिवशी तिने घरी येऊन त्याची नक्कल केली. पदर खोचला, भिवया वर, बोट ओठांवर. "चुकलं म्हणायचं नाही, मावशी!"

"मंग मी तुह्यासंगं बोलू तरी काय?" मी म्हटलं. घरात माझा सारा संसार त्या एका शब्दावर चालायचा. पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही.

मग ते झालं. चुलीवरून वरणाचा गंज उतरवताना मागून चौथीतली एक पोरगी पळत आली आणि हिच्या कोपराला धडकली. उकळतं वरण पोरीच्या हातावर गेलं. मास्तरांनी तिला गाडीवर दवाखान्यात नेलं. चूक कोणाची, ते मला सांगता येत नाही. हिला येत होतं. "गंज माह्या हातात होता. चूक माह्यी."

संध्याकाळी तिने न्हाणीजवळच्या डब्यात लावलेली कोरफड कापली. भाजल्यावर आमच्याकडे तीच लावतात. पान फडक्यात गुंडाळलं आणि चपला घातल्या. पोरीची माय हिची सोबतीण. आसेगावच्या बाजाराला दोघी एकाच ऑटोत जायच्या. तिच्या दारात जायचं, हात जोडायचे, चुकलं म्हणायचं. आमच्यात दुसरं काही लागत नाही.

अंगणातच तो आडवा आला. हेडमास्तरांनी त्याला फोन करून बोलावलं होतं.

"मावशी, कुठं?"

"पोट्टीले पाहाले."

"फडक्यात काय?"

"कोरफड."

"कोरफड नेली म्हणजे कबूल केलं."

"काय बोलून राह्यले, सायेब?" मी म्हटलं. "पाला हाय तो!"

"दादा, उद्या वकील हेच विचारेल. चूक नव्हती, तर औषध कशाला नेलं? एकदा कबूल केलं की कंपनी हात वर करते. मग पोरीच्या दवाखान्याचं कोण पाहणार? तुमची वांगी?"

ती उंबऱ्यावर बसली. ती थांबली ती स्वतःसाठी नाही, त्या पोरीच्या दवाखान्यासाठी. हे गावाने नीट वाचावं, कारण गाव वेगळंच बोललं. फडक्यातून कोरफडीचा चीक तिच्या लुगड्यावर गळत राहिला.

पोरीच्या घरच्यांनी केस केली आणि तो येतच राहिला. आल्याबरोबर पहिला सवाल, "गेल्या नाहीत ना, मावशी?" चहा मात्र आमचाच प्यायचा. मी त्यात साखर टाकत नव्हतो. तो तसाच पिऊन टाकायचा. त्याचाही मला राग यायचा.

केस मिटली तेव्हा पेढे घेऊन आला. कंपनीने दवाखान्याचा सगळा खर्च उचलला होता. "आणि कागदावर काय लिहिलंय माहिती आहे? चूक मान्य न करता!"

हिने पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "मंग आता जाऊ?"

"मिटलेलं उकरायचं नाही, मावशी."

पुढच्या बाजारात पोरीची माय मेथीच्या ढिगाजवळ उभी होती. हिला पाहून दुसरीकडे तोंड करून मोठ्यानं बोलली, "पैसे आले. मानूस नाही आलं." हिने ऐकलं. त्यानंतर बाजारच सोडला. थंडीत छातीचं दुखणं निघालं आणि गेली. शेवटी-शेवटी मला म्हणायची, "तिच्याकडं जाऊन या न." मी म्हणायचो, तू बरी हो, दोघं जाऊ.

मातीला आलेले हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिटल्यावर जायला काही हरकत नव्हती, काका. कोणी अडवलं नसतं." बोलले आणि त्यांचंच तोंड उतरलं.

तेरवीला तो आला. मी पंगतीतून उठलो. "काहून अडवलं बे तिले?"

तो भिंतीला टेकला. तेव्हा कळलं, आधी तोही मास्तरच होता, एका खाजगी शाळेत. सहलीत एक पोरगं पायऱ्यांवरून पडलं. याने त्याला उचलून दवाखाना गाठला, बापाच्या पायावर डोकं ठेवलं, चुकलं म्हणाला. "मी उचलून पळालो, ते कोणी धरलं नाही, दादा. तो शब्द धरला. नोकरी गेली."

मला त्याची कीव आली. राग गेला नाही. दोन्ही एकाच पोटात राहतात, राहू द्या.

"मंग तिले तरी म्हणा आता. थो फोटो पाहा. थे काई केस करत नाही."

तो हार घातलेल्या फोटोसमोर उभा राहिला. ओठ हलले. मी वाट पाहिली, सगळी पंगत थांबली. आणि त्याचं बोट आपोआप वर आलं, ओठांवर बसलं. त्याने ते दुसऱ्या हाताने खाली ओढलं. मग न जेवता, बूट न झटकता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी डब्यातली कोरफड कापली, फडक्यात बांधली. दार पोरीनेच उघडलं. हात बरा झालाय, कातडी तेवढी चकाकते. मागून माय आली. मी म्हटलं, "चुकलं, माय. तिनं सांगतलं हाय. कवाचीच येनार होती."

बाईने फडकं घेतलं, सोडून पाहिलं. मग म्हणाली, "बसा, भाऊजी. चहा ठेवतो."

त्याच्यानंतर तो आमच्या गावात उतरला नाही. कारंज्याची एसटी आली की माझी मान तिकडे वळते. रुमालाने बूट झटकणारं कोणी दिसत नाही. दिसला तर आधी शिव्या देईन. मग सांगीन, चुकलं म्हटलं मी, सायेब. काही झालं नाही. चहा मिळाला, साखरेचा.