भाट्याच्या वाटेवर शाबूकंदाचा केक

साताऱ्याहून निघालो तेव्हाच माझं डोकं फिरलेलं होतं. गाडी दादाची, चालवणार दादा, चहाला कुठे थांबायचं ते ठरवणार दादा. जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांची बोलणी ऐकून घेत नोकरी केलेली मी, त्याची धाकटी बहीण, मागच्या सीटवर नारळांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी वहिनी. पुढची सीट रिकामी, कारण तिथे दादाचा मोबाइल त्याच्या स्टँडवर विराजमान झाला होता. अंगारकीला गणपतीपुळ्याला जायचं, वाटेत सगळं चित्रीकरण करायचं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं, असा बेत होता. कुंभार्ली घाटात ढग रस्त्यावर उतरले होते. मला काच खाली करून ते बघायचे होते, पण दादाच्या चित्रीकरणात वाऱ्याचा आवाज येत होता, म्हणून काच बंद.

चिपळूणच्या पुढे महामार्गाने माझ्या रागात भर घातली. वाहतूक आज इकडून, उद्या तिकडून, मधे मातीचे ढीग आणि ‘काम चालू आहे’ असे फलक. काम करणारं मात्र कुणी दिसत नव्हतं. संगमेश्वरपर्यंत माझी हाडं खिळखिळी झाली. मुक्कामाला पुळ्यात पोचलो. सकाळी भल्यामोठ्या रांगेत उभं राहून दर्शन झालं. दर्शन छान झालं, ते मी नाकारत नाही. समुद्र देवळाच्या पायरीशी येऊन थांबला होता आणि रांगेतली माणसं एकमेकांना पाणी देत होती. तेवढा वेळ मी कुणावरच चिडले नव्हते.

दादाचा संकष्टीचा उपास कडक. एरवी तांबडा रस्सा ओरपणारा माणूस, पण मंगळवारी आणि संकष्टीला त्याच्यासारखा कर्मठ दुसरा नाही. काय चालतं आणि काय चालत नाही, याचा आमच्या घरातला शेवटचा शब्द त्याचा. भेंडी चालते की नाही यावर त्याने एकदा सबंध लग्नघर वेठीला धरलं होतं. वहिनीही उपास करते. मला साखरेची गोळी घ्यावी लागते, म्हणून मी करत नाही. दादाच्या मते ते निमित्त आहे.

रत्नागिरीत आलो तेव्हा दुपार झाली होती. दादाला भाट्याचा समुद्र आणि सुरूचं बन मोबाइलवर घ्यायचं होतं. खाडीवरचा पूल ओलांडला तसे माझे हात थरथरायला लागले. मी म्हटलं, “मला आत्ता खायला हवं.” तो म्हणाला, “हो हो.” आमच्या घरात बाई बोलायला लागली की दादा ‘हो हो’ म्हणतो. त्याचा अर्थ होकार असा नसून ‘मी ऐकत नाहीये’ असा असतो. मी मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली तेव्हा कुठे गाडी थांबली.

थांबली ती एका जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरासमोर. अंगणावर पत्रा टाकून चार टेबलं मांडलेली, एका बाजूला भट्टी, आणि पाटीवर रंगवलेलं: ‘सासू-सून बेकरी. फिलिपिनो जेवण, गरम पाव’. पावाचा आणि भाजलेल्या नारळाचा असा काही वास येत होता की माझी चीड निम्मी तिथेच उतरली.

दाराशी खुर्चीत एक म्हातारी सुके बांगडे निवडत बसली होती. ती सासू. जन्मभर रत्नागिरीच्या बाजारात मासळी विकलेली खारवी बाई.

“बसा गो, बसा. उन्हातनं आलाव ना? वायच पाणी घ्या,” ती म्हणाली आणि आत हाक मारली, “लिगाया, माणसं आली!”

लिगाया, म्हणजे सून, पिठाचे हात पुसत बाहेर आली. बुटकी, गोल चेहऱ्याची, नऊवारी नाही की काही नाही, साधा गाऊन आणि केसांना जाळी. म्हातारीचा मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी आहे. त्याच जहाजावर लिगाया स्वयंपाकघरात होती. दोघांनी लग्न केलं, ती इथे आली, आणि तो पुन्हा बोटीवर गेला. मराठी ती सासूकडून शिकली, त्यामुळे फिलिपिन्सची ही बाई अस्सल खारवी बोलते. “काय खावाचा हाय काकी? भात खाशाल की पाव?” असं तिने विचारलं तेव्हा मला हसू आवरेना, आणि तीही हसली.

मी दोन्ही घेतलं. आधी सिनिगांग (माशाचं आंबट, पातळ कालवण) आलं. त्यांच्याकडे आंबटपणाला चिंच किंवा कामियास घालतात. कामियास म्हणजे आपली बिलिंबी, छोट्या काकडीसारखं आंबट फळ. ती परसात लागलेली होती. लिगायाने रत्नागिरीच्या बिलिंबीत रत्नागिरीची मोडवशी मासळी शिजवली होती आणि त्यात मुळा, वांगं आणि लांब मिरची. मसाला काही नाही. पहिल्या घोटाला फिकं वाटलं, तिसऱ्याला भाताची आणखी एक वाढ मागितली. मग आदोबो (व्हिनेगर, लसूण आणि सोया सॉसमध्ये आटवलेली कोंबडी). तेल सुटलेली, काळपट, आंबटगोड. आणि सोबत पांदेसाल, म्हणजे वरून पावाचा चुरा लावलेले छोटे मऊ पाव. एक पाव आतून गर्द जांभळा निघाला.

“रंग घातलाय?” मी विचारलं.

“रंग कशाला? कोनफळ हाय,” सासू म्हणाली. “हिच्या गावात कोनफळाचा हलवा करून पावात भरतात. आमी आपली उकडून खाव. आता गिऱ्हाइक मुंबईसून विचारत येतान.”

इतका वेळ दादा आणि वहिनी कडेच्या टेबलावर पाणी पीत बसले होते. दादा मोबाइलकडे बघून पाटीबद्दल काहीतरी बोलत होता. मग भूक लागली असावी. काचेच्या कपाटात पिवळसर वड्या होत्या, वर खरपूस थर. त्याने विचारलं, “हे कशाचं?”

लिगाया म्हणाली, “शाबूकंदाचा केक, काका. ज्याचा साबुदाणा करतात तो कंद. नारळाचा रस, साखर, अंडा…”

पण ‘साबुदाणा’ ऐकताच दादाने वहिनीकडे वळून निकाल दिला होता. “चालतं. साबुदाणाच आहे.”

“काका, अंडा हाय त्यात,” लिगाया पुन्हा म्हणाली. मोठ्याने. मी माझ्या टेबलावर ऐकलं.

“हो हो. दोन द्या,” दादा म्हणाला.

“अहो, अंडं म्हणतेय ती,” वहिनी हळूच म्हणाली.

“हो हो.”

आणि तो मोबाइलकडे बघत खाऊ लागला. मला वाटलं, त्याला कळलं असेल आणि आज भुकेपुढे कडकपणा ढिला पडला असेल. मनात म्हटलं, चला, माणूस सुधारला. मी माझं कालवण संपवलं.

केक त्याला इतका आवडला की ग्रुपवर टाकायला त्याने सासूसमोर मोबाइल धरला आणि विचारलं, “आजी, एवढा मऊ कसा होतो?”

म्हातारी खुलली. “गावठी कोंबडीची अंडी हायत ना त्यात. हिनं फेस येईपर्यंत फेटलान.”

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. “अंडी?”

“सूनबायनं सांगितलान ना तुमाला. दोनदा सांगितलान.”

दादा उठला आणि ओरडायला लागला. अंगारकीच्या दिवशी फसवून अंडं खायला घातलं. साबुदाणा सांगून अंडं दिलं. बाहेरून येऊन आमचे उपास बाटवतात. पुळ्याहून आलेली आणखी दोन गाड्यांची माणसं तिथेच थांबली होती, ती भोवती गोळा झाली. त्यांनी केक खाल्ला नव्हता, त्यांना काय झालं ते माहीत नव्हतं, पण त्यांचेही मोबाइल बाहेर आले. दादाने आपला मोबाइल लिगायाच्या तोंडासमोर धरला. “हात जोडून माफी मागा. नाहीतर हा व्हिडिओ सगळीकडे जाईल. बघू मग दुकान कसं चालतं.”

मी उठले. “दादा, तिनं तुला दोनदा सांगितलं. मी ऐकलं.”

“तू मधे पडू नकोस.”

“मधे काय पडू नको? तुझे कान कुठे होते? ती बोलत होती तेव्हा तू हो हो करत होतास!”

“घरच्या माणसानं घरच्याची बाजू घ्यायची असते,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाठ केली. मी मोबाइलसमोर हात धरला. कुणा अनोळखी गृहस्थांनी “ताई, तुम्ही शांत व्हा” म्हणून माझा हात बाजूला केला. दादाला शांत व्हा असं कुणी म्हणालं नाही.

म्हातारी बांगड्यांची टोपली सरकवून उभी राहिली. “माझी सून माफी मागायची न्हाय. चूक केलान न्हाय तर माफी कसली?”

लिगायाने सासूचा दंड धरला. “आई, राहू दे. माफी मागली तर जातील. दुकान राहील. तो बोटीवरनं येल तवा दुकान जाग्यावर दिसाया होवा.” मग तिने पिठाने माखलेले हात जोडले आणि मोबाइलकडे बघून म्हणाली, “माफ करा. चूक झाली.”

चूक झाली! तिची! मला त्या क्षणी दादाच्या हातातला मोबाइल भट्टीत टाकावासा वाटला. मी ओरडत होते, पण माझं कुणी चित्रीकरण करत नव्हतं.

गर्दी पांगली. दादा वहिनीला घेऊन गाडीत जाऊन बसला आणि हॉर्न वाजवायला लागला. मी ठरवलं, या गाडीत आता पाय ठेवायचा नाही. पाणी प्यायला वहिनीच्या टेबलाशी गेले, तर तिच्या बशीतली वडी जशीच्या तशी होती. तिने तिचा कोपराही मोडला नव्हता.

वहिनी मला न्यायला परत आली. मी बशी तिच्यासमोर धरली. “तू ऐकलं होतंस.”

“हो.”

“मग मघाशी तोंडाला कुलूप का लावलंस? त्या पोरीनं हात जोडले, वहिनी!”

“मी बोलले होते. तुझ्यासमोरच बोलले,” ती म्हणाली. “माझं ऐकलं का त्यांनी?” तिचा आवाज इतका शांत होता की मला तिचाही राग आला. बाहेर हॉर्न वाजतच होता. वहिनीने पदर खांद्यावरून पुढे घेतला, लिगायाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, “तुझा फोन काढ. माझं घे.”

मी घेतलं. ती म्हणाली, “मघाशी ज्यांनी ओरडा केला, त्यांची मी बायको. या बाईंनी अंडं आहे असं दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं, म्हणून मी खाल्लं नाही. यांनी ऐकलं नाही, म्हणून यांनी खाल्लं. माफी यांनी मागायची आहे.” मग ती लिगायाच्या हाताला हात लावून गाडीत जाऊन बसली.

मी रिक्षाने स्टँडवर गेले आणि चिपळूणची एसटी पकडली. निघताना लिगायाने जेवणाचे पैसे घेतले नाहीत, उलट पांदेसालची पुडी हातात दिली. तिच्या देशात घरी परतणाऱ्याला काहीतरी देतात, रिकाम्या हाती पाठवत नाहीत. ती पुडी घेताना माझी मान वर होईना, आणि मान खाली घालण्यासारखं मी काही केलं नव्हतं, म्हणून आणखीच संताप झाला.

हातखंब्याला मोबाइलला रेंज आली. दादाचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर आला होता, माझा आणि सासूचा आवाज कापून. खाली अंगठे, हात जोडलेली चित्रं, ‘धडा शिकवलात’, ‘पुढे पाठवतोय’. मी वहिनीचा व्हिडिओ टाकला. सगळ्यांनी पाहिला. पाहिल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या. पण एकाही माणसाने अक्षर लिहिलं नाही. काका, आत्या, चुलतभाऊ, शिकलेल्या सुना, सगळे एकदम मुके झाले. संगमेश्वरला गाडी थांबली, लोकांनी चहा घेतला, मी खिडकीतून नदी बघत राहिले आणि मला ती दिसली नाही.

घरी आल्यावर दादाचा फोन आला. वहिनीला मी फूस लावली, असं त्याचं म्हणणं होतं. बायकोला स्वतःचं काही म्हणणं असू शकतं, हे त्याला अजून सुचलेलं नाही. पुढच्या संकष्टीला वहिनीने त्याच्यासाठी साबुदाणा भिजवला नाही. “काय चालतं ते तुम्हाला कळतं, तुमचं तुम्ही करा,” म्हणाली आणि देवळात गेली. हे तिनेच मला फोनवर सांगितलं. दादा दिवसभर केळ्यांवर राहिला, आणि चंद्र उगवायच्या आत त्याने तो व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकला.

आमची मधली बहीण म्हणते, झालं ना आता, सोड. काय सोडू? मी कोकण पाहिलं, समुद्र पाहिला, बिलिंबीतलं कालवण जेवले, आणि कुणी विचारलं की हे सगळं सांगतेही. पण दादाने काढून टाकण्याआधीच तो व्हिडिओ शंभर ठिकाणी पुढे गेला होता, आणि तिथून तो कुणी काढणार नाही. वहिनीचं बोलणं मात्र कुणी पुढे पाठवलं नाही. कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या फोनात लिगाया अजून पिठाचे हात जोडून उभी आहे आणि माफ करा म्हणते आहे.