सोना हजर आहे

मी सिंगापूरला निघाले त्या दिवशी वाडीची शाळा ओस पडली. आमच्या ठाकरवाडीतून विमानात बसणारी पहिली बाई बघायला सगळी पोरं जीपभोवती गोळा झाली. गुरुजी त्यांना हाकायला आले आणि स्वतःच जीपला टेकून उभे राहिले. आई रडली नाही. "तिकडं जेवणाची आबाळ करू नको," एवढंच म्हणाली आणि किसनला, माझ्या भावाला, पिशव्या घट्ट बांधायला लावल्या. त्याची लेक सोना तेव्हा झोळीत होती.

तशी आपली शाळा ओस पडायला निमित्तच लागायचं. हिरडा गोळा करायच्या दिवसांत अर्धी रिकामी, भातलावणीला पुरती रिकामी. गुरुजी घरोघर फिरून पोरं धरून आणत, चार दिवसांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

इथे वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये शाळा बुडवणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. एकदा माझ्या मुलाला, निशांतला, ताप आला आणि आम्ही शाळेला कळवायला विसरलो. चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात पोचते न पोचते तोच बाईंचा फोन, मुलगा कुठे आहे? एका पोराच्या एका दिवसाची एवढी चौकशी! निशांतला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाला, "ऑफ कोर्स दे कॉल, लाह!"

ही गंमत किसनला सांगितली, तर त्यानंच फुशारकी मारली. "ताई, आपल्या वाडीचीबी हजेरी सुधारली आता. एक पोर शाळा बुडवत नाही." पोरं कमी म्हणून वाडीची शाळा बंद झाली होती आणि सगळ्यांना घाटाखालच्या निवासी आश्रमशाळेत नेलं होतं. आठ वर्षांच्या सोनालाही. मला आनंदच झाला. मीही सहाव्या वर्षी अशाच आश्रमशाळेत गेले होते, एरवी त्या जीपमध्ये बसले असते थोडीच! फक्त किसननं मोबाइल फिरवून वाडी दाखवली तेव्हा कुठंतरी खुपलं. अंगणात कोंबड्या होत्या, म्हातारी माणसं होती. पोर एकही नव्हतं.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, ताट घेऊन बसले आणि किसनचा व्हिडिओ कॉल आला. सोना माझ्या आईला बिलगून बसलेली, तिची आई तिच्या सोललेल्या पायांना हळद लावत होती. पोरगी पळून आली होती. विजेच्या टॉवरांच्या रांगेखालून घाट चढून, वाटेत एक रात्र कुठल्याशा देवळात काढून. एकटी.

"अरे, शाळेत शोधत असतील, आधी कळव," मी ओरडले. किसननं शेजाऱ्याच्या फोनवरून आश्रमशाळेच्या अधीक्षकांना फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"सर, सोनाचा बाप बोलतोय. पोरगी कशी आहे?"

"मजेत आहे की! आत्ताच जेवून वर्गात गेली. सगळी हजर आहेत."

सोना टकामका बापाकडे बघत होती. माझ्याभोवती माणसं नूडल्स खात होती, हसत होती. पोर रानावनातून चालत होतं, आणि शाळेच्या लेखी ते जेवून वर्गात बसलं होतं! किसननं त्यानंतर काय काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवून म्हणाला, "बास झालं. अडाणी राहिली तरी चालंल, पण पोरगी आता शाळेचं तोंड बघणार नाही."

मी पुन्हा हादरले. तिचं शिक्षण इथंच संपणार? मी समजूत घालायला लागले, तेवढ्यात सोनानंच विचारलं, "आत्या, तू का नाही पळून आलीस?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आली असती तरी मीच माघारी धाडली असती."

अगदी सहज म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही.

सोनाला मात्र तिनं माघारी धाडलं नाही. किसनला दटावून शाळाही सुटू दिली नाही. टेकडीपलीकडच्या गावात शाळा आहे. आई तिला सकाळी चालत घेऊन जाते आणि संध्याकाळी परत आणते. ते बघून आणखी काही घरांनी आपली पोरं आश्रमशाळेतून परत आणली, आता बाया पाळीपाळीनं त्यांच्या सोबत जातात. हिरड्याच्या दिवसांतही क्वचितच कोणी बुडवतं, असं किसन सांगतो. या वेळी मी त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

माझ्यासारखे लहानपणीच घराबाहेर पडलेले इथे भेटतात. घर म्हणजे काय, यावर आमच्या गप्पा रंगतात. कोणी आईच्या हातचं जेवण सांगतं, कोणी अंगण. मला वाटतं, जिथं पळून गेलं तर कुणी माघारी धाडत नाही, ते घर. आईनं मला धाडलं म्हणून मी शिकले, तिचे उपकार फिटायचे नाहीत. पण संध्याकाळी वुडलँड्स स्टेशनातून फ्लॅटकडे चालताना डोळ्यांपुढे सोना येते, आजीचा हात धरून टेकडी उतरणारी, आणि एवढी मोठी बाई असून मला त्या आठ वर्षांच्या पोरीचा हेवा वाटतो.