बघितल्याबगर घास न्हाई

समुद्रमंथनाला आमच्या थोरल्या जाऊबाई हजर असत्या, तर देवांना अमृत कधीच मिळालं नसतं. मंदार पर्वत घुसळायला घेण्याआधी धुतला होता का, याचा निकाल लागेपर्यंत त्यांनी घड्याला कुणाला हात लावू दिला नसता. अख्खं रामनगर त्यांना अक्का म्हणतं, मीही म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सकाळी मी चहाला पिवळाधमक गूळ घेतला, तर अक्कांनी माझा हात धरला. "त्यो पाव्हण्यांचा. घरच्यांस्नी काळा." काळा गूळ म्हणजे मळका, ही माहेरची समजूत, मला वाटलं, झाला सासुरवास सुरू! पण अक्का खानापूरकडच्या गुऱ्हाळावर दिवसभर काहिलीशेजारी बसून आल्या होत्या. रसाची मळी काढायला भेंडीचं पाणी कोण घालतं आणि रंग उजळायला पावडर कोण टाकतं, हे डोळ्यांनी बघून आलेली बाई ती. मग पाहुण्यांना पिवळा का, म्हटलं, तर म्हणाल्या, "सांगून दमले बाई. त्येंस्नी पिवळाच पायजे!"

हळद दळायला गेल्या की गिरणीतच उभ्या राहायच्या आणि हळद लागलेल्या नवरीसारख्या घरी यायच्या. लग्नात सगळं वऱ्हाड पंगतीत आणि अक्का आचाऱ्याच्या मागे, तेलाचा डबा हुंगत. गुंद गावच्या एका लग्नात आचारी वैतागून झारा त्यांच्याच हातात देऊन बाहेर जाऊन बसला. अक्कांनी शांतपणे उरलेल्या पुऱ्या तळल्या. "डोळ्यानं बघितल्याबगर घास न्हाई," हे त्यांचं ब्रीद. एवढ्या कडक बाईनं हे ब्रीद एकदाच मोडलं, आणि तेच महागात पडलं.

आमच्या मामंजींच्या तोंडात दात नाहीत. तिसऱ्या प्रहरी चहात बुडवून दोन टोस्ट, एवढीच त्यांची चैन. टोस्ट यायचे नाक्यावरच्या बेकरीतून. बेकरीवाला चंदगडकडचा, नवीन आलेला, कानडीचा गंध नाही. आणि आमचं गाव कर्नाटकात, भाषा अशी, की मराठी बोलता बोलता कानडी कधी शिरते ते आम्हालाच कळत नाही. रंगाला आम्ही सर्रास 'बण्ण' म्हणतो. टोस्ट जास्तच पिवळे दिसले म्हणून अक्का बेकरीत गेल्या. आत पीठ मळायचं यंत्र घरघरत होतं. अक्का ओरडल्या, "ह्यात बण्ण घालतासा काय?"

"व्हय की वैनी! त्येच्याबिगर टोस्ट हुईल कसा?"

"रोज?"

"रोज! कालचं उरल्यालं बी वाया घालवत न्हाई."

झालं! मुद्देमालासकट चोर सापडला. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळलं, की बेकरीवाला टोस्टात रंग घालतो, शिळासुद्धा, आणि तोंडानं कबूल करतो. आठ दिवसांत बेकरीपुढे काळं कुत्रं फिरकेना. नवव्या दिवशी मामंजींनी नुसता चहा परत पाठवला आणि विचारलं, "सूनबाई, रंग घालताना डोळ्यानं बघितलंस काय?"

अक्कांचा चेहरा पडला. बघितलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अक्का बेकरीत जाऊन बसल्या, मलाही ओढून नेलं. पीठ मळलं, गोळे झाले, भट्टीत गेले, फुगून बाहेर आले. बेकरीवाला सुरीनं त्यांचे काप करू लागला. अक्कांना राहवेना. "आता बण्ण कवा घालणार?"

तो बिचारा गोंधळला. "हे काय वैनी, बनच तर कापतोय! हेच परत भाजले की टोस्ट!"

अक्का मटकन पिठाच्या पोत्यावर बसल्या. मला हसू आवरेना, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून माझी मलाच लाज वाटली. मग पदर खोचून त्या उठल्या आणि घरोघरी फिरल्या. "बण्ण न्हवं, बन! चूक माझी हाय," असं प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं. बाहेरचं काही न खाणारी ही बाई पंधरा दिवस बेकरीच्या बाकावर बसून, सगळ्यांना दिसेल असे टोस्ट खात होती. लोक हसले, पण घ्यायला कुणी येईना. बण्ण म्हणा नाहीतर बन, काहीतरी असेलच की, असं म्हणायचे मेले!

महिन्याभरात त्यानं भट्टी विझवली. जाताना मामंजींसाठी टोस्टांचा डबा घेऊन आला. अक्कांना म्हणाला, "वैनी, तुम्ही इचारलं ते बरंच केलं. माझ्याच कानात यंत्राची घरघर होती." अक्कांनी डबा पदरात घेतला.

परवा तो डबा संपला. मी दुकानातून पुडा आणला. अक्का तो उलटासुलटा करत राहिल्या. "ह्येची भट्टी कुठं हाय ग?" मी बारीक अक्षरं वाचून लांबच्या कुठल्याशा शहराचं नाव सांगितलं. "तिथं बसू देत्यात काय?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी दोन टोस्ट मामंजींच्या बशीत ठेवले.

"बघितलंस काय?" मामंजींनी विचारलं.

"न्हाई मामा," अक्का म्हणाल्या.

मामंजींनी बशी हळूच बाजूला सरकवली आणि नुसता चहा प्याले.